गव्हाच्या बिअरचा पहिला घाणा

बव्हेरियात ‘वाइसबिअर’ किंवा ‘वाइत्सेन’ या नावांनी ओळखली जाणारी गव्हाची बिअर ही धूसर, फेसाळ आणि कमी कडू असते. तिच्यासाठी घेतलेल्या धान्यात निदान निम्मा भाग मोड आणून वाळवलेल्या गव्हाचा असतो, उरलेला भाग जवाचा म्हणजे सातूचा असतो, आणि ती तुलनेने उबदार तापमानात काम करणाऱ्या यीस्टने आंबवली जाते. पिकलेले केळे आणि लवंग यांचा वास तिला येतो, त्यामुळे प्रथमच पिणाऱ्याला तीत फळ किंवा मसाला घातला असावा असे वाटते; प्रत्यक्षात यांपैकी काहीही घातलेले नसते आणि हे दोन्ही वास यीस्टच्या चयापचयातून निर्माण होतात. अशी बिअर घरी करून पाहणाऱ्याच्या हातून ज्या चुका होतात त्या निष्काळजीपणाच्या असणार, असा सर्वसाधारण समज असतो. म्युनिकजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने लावलेल्या वीस लिटरच्या पहिल्या घाण्याचा अनुभव मात्र याच्या नेमका उलट आहे, कारण त्यातल्या जवळजवळ सगळ्या चुका अतिकाळजीच्या होत्या. (घाणा हा शब्द येथे चकल्यांचा घाणा म्हणतात त्या अर्थाने, म्हणजे एका वेळी होणारा माल अशा अर्थाने, योजला आहे.)

क्रियापदाचाही येथे थोडा विचार करावा लागतो. मराठीत दारू ‘गाळली’ जाते, कारण हातभट्टीत आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ थंड करून गोळा केली जाते. बिअरच्या बाबतीत ही पायरीच नसते, धान्याच्या गोड पाण्यात यीस्ट सोडले की पुढचे काम भांड्यातल्या भांड्यातच होते. म्हणून दह्याच्या विरजणासाठी वापरले जाणारे ‘लावणे’ हे क्रियापद तिला अधिक शोभते, आणि या घरात तेच रूढ झाले. कायद्याचे म्हणावे तर, जर्मनीत घरगुती वापरासाठी वर्षाला ५०० लिटरपर्यंत बिअर करमुक्त करता येते. २०२४ पूर्वी ही मर्यादा २०० लिटर होती, आणि अशी बिअर विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा पुण्यामुंबईच्या वाचकाने पुढील मजकूर वर्णन म्हणून वाचावा, कृती म्हणून नव्हे.

ज्या प्रदेशात ही बिअर आज घरोघरी प्यायली जाते तेथेच ती लावणे एके काळी सामान्यांना निषिद्ध होते, ही गोष्ट मोठी गमतीची आहे. १५१६ मध्ये इंगोलश्टाट येथे निघालेल्या बव्हेरियाच्या प्रसिद्ध फर्मानाने बिअरसाठी फक्त जव, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुले) आणि पाणी यांनाच मान्यता दिली. गहू हा पावासाठी राखला जावा, हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. फर्मानात यीस्टचा उल्लेख नाही, कारण किण्वन हे सजीवांचे कार्य आहे ही समज तेव्हा नव्हती. लुई पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ थेट १८७६ मधला आहे. गव्हाची बिअर करण्याचा खास अधिकार मात्र डेगेनबेर्ग या सरदार घराण्याकडे होता, १६०२ मध्ये ते घराणे निर्वंश झाल्यावर तो ड्यूक माक्सिमिलियन पहिला याच्याकडे आला, आणि राजघराण्याने त्यावर दीर्घकाळ भरपूर पैसा मिळवला. पुढे लोकांची आवड गडद आणि मग सोनेरी बिअरकडे वळली, गव्हाची बिअर मागे पडली, आणि १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर या बिअरकाराने राजा लुडविग दुसरा याच्याकडून तो अधिकार मिळवला.

फर्मानाने गहू वगळला त्याचे कारण पावाचे असेल, पण बिअर लावणाऱ्याच्या दृष्टीने गव्हाला दूर ठेवावे असे त्याच्या अंगातच एक वैगुण्य आहे. जवाचा दाणा मळणीनंतरही आपल्या फोलपटात राहतो, गव्हाचा दाणा मात्र उघडा निघतो. भरडलेले धान्य गरम पाण्यात भिजवून त्यातील गोड पाणी निथळून घेताना जवाची फोलपटेच गाळणीचे काम करतात. उघड्या गव्हाचा मात्र लगदा होतो. उरलेले धान्य जवाचे ठेवण्यामागे चवीइतकाच हा व्यवहारही असावा. त्या बदल्यात गहू प्रथिने देतो, त्यांच्यामुळे फेस दाट येतो आणि बिअरला तिचा दुधाळ धूसरपणा मिळतो.

बिअरचे धान्य कच्चे नसते. ते भिजवून, मोड आणून, मोड पुरेसे फुटताच वाळवलेले असते, आणि त्याला माल्ट म्हणतात. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घराला ही क्रिया समजावून सांगावी लागत नाही: मोड येताना दाण्यात विकरे, म्हणजे मोठे रेणू तोडणारी प्रथिने, तयार होतात आणि तीच पुढे पिष्टाची साखर करतात. या घाण्यासाठी २.७ किलो गव्हाचे माल्ट आणि २ किलो फिकट जवाचे माल्ट, दोन्ही दुकानातूनच भरडून आणलेली, हॅलर्टाऊ भागातले २८ ग्रॅम हॉप्स आणि सुक्या यीस्टचे ११ ग्रॅमचे एक पाकीट, एवढेच साहित्य होते. म्युनिकच्या उत्तरेचा हॅलर्टाऊ हा जगातील हॉप्सचा सर्वांत मोठा सलग पट्टा आहे. तरीही गव्हाच्या बिअरला हॉप्सची गरज नावापुरतीच असते.

पुस्तकातल्या कृतींत ज्या कामाला एक ओळ मिळते त्याने त्या शनिवारच्या सात तासांपैकी जवळजवळ तीन तास घेतले, आणि ते काम म्हणजे धुणे. येथे स्वच्छ आणि निर्जंतुक यांत फरक करावा लागतो: डोळ्यांना लख्ख दिसणाऱ्या बादलीच्या ओरखड्यात दुग्धाम्ल तयार करणारे जीवाणू सुखाने राहतात, म्हणून भांडे आधी घासून मळ काढायचा आणि मग आम्लयुक्त निर्जंतुक द्रावणाने ओले करायचे, असे दोन टप्पे असतात. हा नियम सगळ्याच भांड्यांना सारखा लागू नसतो. धान्य भिजवण्याचे पातेले, डाव, गाळणी यांच्याबाबतीत साधी स्वच्छता पुरते, कारण पुढे सगळे उकळायचेच असते. उकळून थंड झालेल्या द्रवाला जे जे लागणार ते मात्र निर्जंतुकच हवे. कुटुंबातला अभियंता मुलगा हे कोष्टक करून भिंतीवर लावत असताना, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या त्याच्या आईंनी ‘म्हणजे उकळीपर्यंत ओवळं चालतं, नंतर सोवळं’ एवढ्यात विषय संपवला. सोवळ्याच्या कल्पनेचा इतका निर्दोष वापर क्वचितच झाला असेल.

धान्य भिजवण्याच्या क्रियेला मॅशिंग म्हणतात. तिच्यात वेगवेगळ्या तापमानांना वेगवेगळी विकरे काम करतात, आणि गव्हाच्या बिअरमध्ये पहिला थांबा ४४ अंश सेल्सिअसच्या आसपास घेण्याची बव्हेरियन रीत आहे. या तापमानाला दाण्याच्या पेशीभित्तिकांत अडकलेले फेरुलिक आम्ल सुटते, आणि योग्य जातीचे यीस्ट पुढे त्याचेच लवंगेच्या वासाचे संयुग करते. म्हणजे ग्लासातली लवंग पातेल्यातल्या पहिल्या वीस मिनिटांत ठरते. १३ लिटर पाणी ४७ अंशांना घेऊन त्यात धान्य मिसळल्यावर मिश्रण हवे तेथे स्थिरावले, आणि डाव फिरवताना पांढुरका, चिकट, पिठूळ वासाचा जो पदार्थ दिसू लागला त्याला आईंनी लगेच ओळखले. ‘अरे, हा तर कुरडयांचा चीक,’ असे त्या म्हणाल्या आणि ते बरोबर होते, कारण तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा काढलेला चीक आणि हा लगदा यांचा मूळ माल एकच. फरक पुढे पडला. साडेसात लिटर उकळते पाणी हळूहळू ओतून तापमान ६३ अंशांवर नेल्यावर चीक शिजून घट्ट होण्याऐवजी पातळ होत गेला आणि तासाभरात त्याला काकवी पाण्यात कालवल्यासारखी गोडी आली. पिष्ट संपले की नाही हे पाहण्यासाठी पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. पहिल्या वेळी तो निळाकाळा झाला, पंधरा मिनिटांनी तपकिरी राहिला, म्हणजे पिष्टाची साखर झाली.

याच तासात पहिली अतिकाळजी घडली. दोन अंश तापमान उतरले की शेगडी चालू, एक अंश वर गेले की बंद, आणि प्रत्येक वेळी खालपासून वर ढवळणे, असे चालले. प्रत्यक्षात एवढ्या मोठ्या पातेल्यावर जुनी रजई गुंडाळून तासभर त्याकडे पाठ फिरवली असती तरी फार तर दोन अंश उतरले असते आणि बिअरला त्याचा पत्ताही लागला नसता. ढवळण्याचा परिणाम मात्र पुढे दिसला. जवाची फोलपटे फाटली, गव्हाचा लगदा त्यांच्यात भरून बसला, आणि मिश्रण गाळणीच्या बादलीत घेऊन खालचा नळ उघडला तेव्हा पहिला लिटरभर द्रव भसाभस येऊन मग धार बारीक होत होत थेंबांवर आली आणि थांबली.

गाळण अडकणे हा गव्हाच्या बिअरचा नेहमीचा प्रसंग आहे. अमेरिकेत घरी बिअर लावणारे त्यावर उपाय म्हणून धान्यात मूठ दोन मूठ भाताचे तूस मिसळतात, त्यातून चव काहीच उतरत नाही आणि पाण्याला वाट मिळते. या घाण्यात तूस नव्हते. नळात फुंकून पाहिले, बादली कलती केली, वरून पाणी ओतले, आणि प्रत्येक उपायाने थर अधिकच दाबला गेला, कारण नळ पूर्ण उघडा असताना खालून ओढ बसते आणि वरचा लगदा चाळणीवर चिकटतो. शेवटी नळ बंद करून, लांब सुरीने थराला वड्या पाडाव्यात तशा उभ्याआडव्या चिरा देऊन, दहा मिनिटे बादलीला हात न लावता सगळे पुन्हा बसू दिले. मग नळ पेन्सिलीच्या जाडीइतकीच धार पडेल एवढा उघडला, आलेला पहिला गढूळ द्रव तांब्यातांब्याने परत वरच ओतला, आणि पाव तासात धार स्वच्छ झाली. नंतर साडेआठ लिटर गरम पाणी थोडे थोडे घालून चोथ्यातली उरलेली साखर धुऊन घेतली. निथळायला एक तास अपेक्षित होता, अडीच लागले.

अशा रीतीने मिळालेल्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. तो तासभर उघड्या भांड्यात उकळला, उकळी येताच हॉप्स घातले आणि नंतर तांब्याच्या नळीचे वेटोळे त्यात बुडवून नळीतून गार पाणी फिरवून तो थंड केला. या टप्प्याविषयी, पहिली उकळी फुटताना फेस उतू जातो एवढे सोडले तर, सांगण्यासारखे काही नाही. वर्टचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, हायड्रोमीटर नावाच्या तरंगत्या काचनळीवर १.०४८ भरले. साखर आंबून तिचे अल्कोहोल होत जाते तसतशी ही संख्या उतरते, म्हणून पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर उभा असतो.

यीस्ट कोमट पाण्यात भिजवून १८ अंशांच्या वर्टमध्ये सोडले, बादलीला झाकण लावले आणि झाकणाच्या भोकात एअरलॉक बसवला. एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली नागमोडी नळी. तिच्यातून आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. यीस्टला नवे ठिकाण मानवून घ्यायला दहा-बारा तास सहज लागतात. येथे चौदा तास लागले, आणि त्या चौदा तासांत झाकण चार वेळा उघडले गेले.

प्रत्येक वेळी कारण सयुक्तिक वाटत होते: यीस्ट मेले असेल का, झाकण नीट बसले आहे का, वर फेस धरला का. चौथ्या वेळी आईंनी, आवाज न चढवता, ‘विरजण लावलेलं भांडं कोणी हलवून बघतं का?’ असे विचारले. ज्या घरात रात्री लावलेल्या दह्याला सकाळपर्यंत कोणी स्पर्श करत नाही, थंडीत भांड्याला शाल गुंडाळणे आणि उन्हाळ्यात विरजण कमी लावणे या दोन गोष्टी लहानपणापासून पाहिलेल्या असतात, त्या घरातल्या माणसाने तेच ज्ञान बादलीला लावू नये, हे विचार करण्यासारखे आहे. कदाचित परक्या वस्तूवर आपले नियम चालणार नाहीत असे गृहीत धरले जाते. किंवा आकडे हाती आले की हात स्वस्थ बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बादलीत जे दिसले ते पाहण्यासारखे होते यात शंका नाही: सायीसारखा जाड, पिवळट फेस, त्यावर हॉप्सचे तपकिरी ठिपके, आणि खोलीभर गरम पाव व केळी यांचा मिसळलेला वास. या फेसाला क्रॉयझन म्हणतात, आणि गव्हाच्या बिअरचे यीस्ट तो इतका वर आणते की बादलीत एक तृतीयांश जागा मोकळी न ठेवणाऱ्यांचा एअरलॉक त्याने भरून वाहतो. मात्र किण्वन स्वतः उष्णता निर्माण करते, आणि खोली २० अंशांवर असतानाही बादलीवर चिकटवलेली तापमानाची पट्टी २४ दाखवत होती. यीस्ट जितके उबेत काम करते तितके केळ्याच्या वासाचे एस्टर, म्हणजे अल्कोहोल आणि आम्ल यांपासून झालेली सुगंधी संयुगे, अधिक तयार होतात आणि लवंग मागे पडते. खोलीच्या तापमानावर विसंबून बादलीचे तापमान न पाहणे, ही या घाण्यातली निष्काळजीपणाची एकमेव चूक, आणि चवीवर सर्वांत मोठा परिणामही तिचाच झाला. तापमान लक्षात आल्यावर बादली गार पाण्याच्या टबात ठेवून, माठाला गुंडाळतात तसे ओले फडके तिच्याभोवती गुंडाळले, त्याने ती २० वर आली. पण पहिल्या दोन दिवसांत ठरलेला वास नंतरच्या गारव्याने बदलत नाही.

चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन संपले असे नाही आणि बिघडले असेही नाही, झाकणाच्या कडेने वायू निघून गेला तरी एअरलॉक गप्प होतो. खरे उत्तर हायड्रोमीटरच देतो, आणि दोन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन वाचने सारखी आली की काम संपले असे मानतात. त्यासाठी दहा दिवसांनी एक आणि बारा दिवसांनी एक, अशी दोन वाचने पुरली असती. येथे सहा घेतली गेली, प्रत्येकी शंभर मिलिलिटर, म्हणजे बाटलीभराहून अधिक बिअर केवळ मोजण्यात संपली. शेवटचा आकडा १.०११ वर स्थिरावला, त्यावरून अल्कोहोल सुमारे ४.९ टक्के निघते.

बाटलीत भरताना घालायची साखर हा या कामातला एकच भाग असा आहे की ज्यात अंदाजपंचे चालत नाही. बाटलीत उरलेले यीस्ट ती साखर आंबवते, आणि बाहेर जाऊ न शकलेला वायू बिअरमध्ये विरघळून तिला फसफस आणतो. लिटरभर बिअरमध्ये लिटरभर वायू विरघळलेला असणे याला एक आकारमान म्हणतात. गव्हाची बिअर साडेतीन ते चार आकारमानांपर्यंत नेतात, पण साध्या बाटल्यांना तीनच्या पुढे नेणे धोक्याचे असते. लिटरला सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे सगळ्या घाण्याला १५० ग्रॅम साखर तीन आकारमानांच्या हिशोबाने पुरते. किण्वन अपुरे राहून गुरुत्वाचे ०.००२ जरी उतरायचे बाकी असले तरी त्यातून आणखी जवळजवळ एक आकारमान वायू तयार होतो, आणि बाटल्या फुटल्याच्या कथा बहुधा येथूनच सुरू होतात. या बाबतीत सहा वेळा मोजण्याचा हट्ट उपयोगी पडला, हे मान्य करायला हवे.

साखरेचा पाक उकळून स्वच्छ बादलीत ओतला आणि त्यावर बिअर नळीने सोडली. या टप्प्यावर हवा मिसळली तर बिअरला भिजल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, असे वाचलेले असल्याने तिला डावाचा स्पर्शही होऊ दिला नाही. परिणामी जड पाक तळाशी राहिला, तळाच्या नळातून भरलेल्या पहिल्या आठ-दहा बाटल्यांत साखर जास्त गेली आणि शेवटच्यांत जवळजवळ गेलीच नाही. डाव दोनदा सावकाश फिरवणे पुरेसे होते.

अर्ध्या लिटरच्या, तारेच्या बुचाच्या ३६ बाटल्या भरल्या. त्या दोन आठवडे २० अंशांच्या खोलीत आणि मग आठवडाभर फ्रिजमध्ये राहिल्या. पहिल्या खेपेतली एक उघडताच तिच्यातली अर्धी बिअर सिंकमध्ये गेली; मधल्या बाटल्या व्यवस्थित निघाल्या. गव्हाची बिअर उंच, गार पाण्याने ओल्या केलेल्या ग्लासात तिरकी ओततात, तळाशी दोन बोटे उरली की बाटली गोल फिरवून बुडाचे यीस्ट उठवतात आणि तेही वर ओततात. तसे केल्यावर रंग पिकल्या जर्दाळूसारखा दिसला आणि फेस चार बोटे उभा राहिला. केळे फार पुढे होते, लवंग शोधावी लागत होती, कडूपणा योग्य होता, आंबूसपणा अजिबात नव्हता. आईंनी बोटभर चाखून ‘वास शिकरणीचा आणि चव कशाचीच नाही’ असे मत दिले. मोजणाऱ्यांच्या भाषेत ते कठोर असले तरी ४४ अंशांचा थांबा नीट घेऊनही २४ अंशांना आंबलेल्या बिअरचे वर्णन म्हणून ते अचूक आहे.

दुसऱ्या घाण्यासाठी धान्य आणून ठेवले आहे. त्यात भाताचे तूस घालायचे आहे, बादली सुरुवातीपासूनच पाण्याच्या टबात ठेवायची आहे, पाक दोनदा ढवळायचा आहे, आणि झाकण दहा दिवस उघडायचे नाही.